डाव्या मडगार्डचा पोचा

ज्वारीच्या कणसात दूध भरलं की नगर-पुणे रस्त्याच्या कडेला हुरड्याचे फलक उगवायला लागतात. आधी एखादा, मग पीक आल्यासारखे. आगटी, झोपाळा, बैलगाडीत बसून फोटो. माझ्या शिवणक्लासातल्या मुली दरवर्षी विचारतात, "मॅडम, तुमचं तर गाव पारनेरकडचं. आम्हांला हुरड्याला कधी नेताय?" मी सुईत दोरा ओवत म्हणते, "नेऊ एकदा." न्यायचं नसतं. मला आता हुरडा जात नाही. गरम दाणा तोंडात टाकला की त्याच्या गोडीमागून थिनरचा वास येतो, आणि वासामागून पत्र्यावर हातोडी पडल्याचा आवाज.

त्या वर्षी मी हिवाळाभर माहेरी होते. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि आबांना एकटं सोडण्याची सोय उरली नव्हती. आबा म्हणजे आमचे वडील. उभा जन्म त्यांनी एकच जीप चालवली. लष्कराच्या लिलावातून आणलेली, लांब अंगाची, वर ताडपत्रीचं हूड. आमच्या पठारावर एसटी यायची ती मनात आलं तर. बाकी सगळा वेळ गावाला आबांची गाडी होती. पारनेरचा बाजार, नगरचा दवाखाना, घोडेगावला बैल बघायला निघालेली माणसं, कुणाचं बाळंतपण, कुणाची मयत. गावात कोण आजारी आहे हे डॉक्टरच्या आधी आबांना कळायचं.

मग ते विसरायला लागले. आधी माणसांची नावं, नंतर रस्ते. पठारावरचा खड्डा न् खड्डा पाठ असलेला माणूस एकदा मळ्यातून घरी येताना ओढ्यात एका दगडावर बसून राहिला. वाट कुठली ते कळेना. त्या दिवशी आईनं जीपची किल्ली ज्वारीच्या पिठाच्या डब्यात लपवली. गाडी गोठ्याशेजारच्या छपराखाली उभी राहिली ती राहिलीच. चाकांतली हवा गेली, हूड फाटलं, कोंबड्या मागच्या सीटवर अंडी घालायला लागल्या.

मला आबा आक्का म्हणायचे. आक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. ती जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. पहिल्यांदा त्यांनी तशी हाक मारली तेव्हा मी चुलीपुढं बसून रडले. नंतर आक्का झाले. त्यात दुःख होतं तशी सोयही होती. आक्काचं ते ऐकायचे. आक्कानं भरवलं तर जेवायचे. आईला मात्र ते विसरले नाहीत. तिचं नाव त्यांनी आधीही कधी घेतलं नव्हतं, त्यामुळे विसरायला काही नव्हतंच. "अगं ये" म्हणायचे, ती "आले" म्हणायची. एवढं शेवटपर्यंत टिकलं.

संपतदादा माझ्याहून मोठा. चाकणकडच्या एका गाड्यांच्या कारखान्यात तो रंगकामावर होता. ज्या गाडीत आपण कधी बसणार नाही तिला आरशासारखी चमक आणायची, हे त्यानं अर्धं आयुष्य केलं. त्या वर्षी ठेकेदारानं त्याच्या वयाची सगळी माणसं कमी केली. वहिनी आणि पोरं शाळेपायी पुण्यातच राहिली, आणि दादा एक पेटी आणि एक छोटा कॉम्प्रेसर घेऊन गावी आला. उंबऱ्यात वाकून आबांच्या पाया पडला. आबा त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग आईला म्हणाले, "यांना च्या दिला का?"

दादा हसला. पण दुपारी जेवताना त्यानं दुसरी भाकरी घेतली नाही.

आठवड्याभरात त्यानं छपराखालच्या कोंबड्या हुसकल्या. मला म्हणाला, "गाडी नवी करतो. आबा मला इसरले, तुला इसरले, पर गाडी न्हाई इसरायचे. हुती तशी करून समोर उभी केली ना, बघ तू, डोकं जाग्यावर येतंय का न्हाई." आईनं मान डोलावली नाही की नकारही दिला नाही. मला तर पटलंच. डॉक्टरकडे गोळ्यांखेरीज काही नव्हतं. दादाकडे निदान हातोडी होती.

आणि म्हणून माझ्या आठवणीतला तो हिवाळा रंगाच्या वासाचा आहे. पहाटेची थंडी ओसरली की दादा पायजमा दुमडून छपराखाली बसायचा. पाण्यात भिजवलेला पॉलिश पेपर, खस्सखस्स, खस्सखस्स. वरचा पांढरा रंग गेला की खाली निळा निघाला, निळ्याखाली लष्करी हिरवा, त्याखाली मातकट तांबडा, आणि अगदी तळाला उघडा पत्रा, थंडीत हात लावला की चटका बसावा असा गार. पलीकडच्या रानात ज्वारी पुरुषभर उंच उभी. पाखरं राखायला बांधलेल्या चकचकीत फिती वाऱ्यावर फडफडायच्या, आणि रंगाची भुकटी उडून बांधाकडच्या ताटांवर बसायची. हिरव्या पानांवर निळसर धूळ. आई कुरकुरायची, "जनावरं खात्याल की रं ती वैरन." दादा ऐकायचा नाही. पेपर घासताना त्याला काहीच ऐकू यायचं नाही.

संध्याकाळी शेजारचे भाऊसाहेब कणसं घेऊन यायचे. गोठ्यामागं आगटी पेटायची. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणसं खरपूस झाली की आबा आपणहून हात पुढं करायचे. गरम कणीस तळव्यात धरून चोळायचं, दाणे सुटले की हलकी फुंकर मारून कोंडा उडवायचा, आणि हिरव्या दाण्यांची मूठ आधी दुसऱ्याला द्यायची. हे सगळं ते बिनचूक करायचे. आपण कोणाला देतोय ते त्यांना ठाऊक नसायचं, पण द्यायचं असतं हे ठाऊक होतं. त्यांचे हात त्यांच्या डोक्यापेक्षा उशिरा म्हातारे होत होते. तेव्हा मी नुसती बघत होते. हातांचं हे म्हणणं मला फार नंतर कळलं.

आतलं काम माझं होतं. आईचं पायमशीन पडवीत ओढून मी सीट शिवायला घेतल्या. दादानं पारनेरहून कॉफी रंगाचं रेक्झिन आणलं होतं. जुनं कव्हर उसवलं तर आतला काथ्या भुगा झालेला, आणि शिवणींच्या घड्यांत काय काय अडकलेलं; ज्वारीचे दाणे, हिरव्या बांगडीचे तुकडे, बैलाच्या गळ्यातल्या माळेतली एक कवडी, कुणाच्या तरी पैंजणाचं घुंगरू. ती बांगडी बाजाराला निघालेल्या बाईची की कळा देणाऱ्या बाईची, कोण सांगणार. मी सगळं वाटीत काढून ठेवलं. दादा म्हणाला, "टाक ते. नव्या सीटखाली कचरा नको." जुनी कव्हरं आणि काथ्या आम्ही गोठ्यामागं नेऊन टाकला. चालकाची सीट मात्र त्यानं तशीच अख्खी तिथं फेकली, कारण तिची चौकटही वाकली होती आणि तो तिथं नवी बसवणार होता.

दादा त्या दिवसांत खुशीत होता. त्याला काम होतं, आणि ते त्याला येत होतं. चहाचा कप हातात घेऊन तो गाडीभोवती फिरायचा आणि मला दाखवायचा, हे दार आता एका बोटानं लागतं, हा बॉनेट बघ. जाणारे-येणारे थांबायचे. "संपतराव, बापाचं नाव काढलं," म्हणायचे. आमच्या गावात आजवर त्याला कुणी संपतराव म्हटलं नव्हतं.

राहिला होता डावा मडगार्ड.

त्याच्यावर एक मोठा पोचा होता, परातीएवढा, खोलगट. तो दादाचाच. दहावीचा शेवटचा पेपर देऊन आला आणि कुणाला न विचारता मित्रांना घेऊन त्यानं गाडी काढली, ती वळणावर पाण्याच्या हौदावर घातली. आबांनी मारलं नाही, ओरडलेही नाहीत. फक्त किल्ली काढून घेतली, आणि पुन्हा कधी त्याच्या हातात दिली नाही. सणाला नाही, लग्नाला नाही, पुढं तो कारखान्यात रोज गाड्यांत वावरायला लागला तरी नाही. पोचा काढून देणारे कारागीर पारनेरला होते. आबांनी तो काढलाही नाही. उलट गाडीत नवा माणूस बसला की त्याला उतरवून दाखवायचे, "हे आमच्या संप्यानं केलंय." माणसं हसायची. दादाच्या लग्नात त्यांनी व्याह्यांनाही हात धरून मडगार्डापाशी नेलं. मांडवातली सगळी हसली. मुंडावळ्या बांधलेला दादा खाली मान घालून उभा होता, हे मी बघितलं आहे.

गाडीचं काम चालू होतं तसे आबा रोज सकाळी काठी टेकत यायचे. रंग उतरलेल्या पत्र्यावरून तळहात फिरवत गाडीला एक वेढा घालायचे. डाव्या मडगार्डापाशी आले की थांबायचे. तळवा बरोबर त्या खड्ड्यात बसायचा. मग म्हणायचे, "हे आमच्या संप्यानं केलंय." आणि वर बघायचे. समोर दादा हातात पेपर घेऊन उभा असायचा. "व्हय रं संप्या?"

दिवसभरात तेवढ्याच वेळेला ते त्याला नावानं हाक मारायचे. तेवढ्याच जागी. आमच्या कुणाच्याच ते तेव्हा ध्यानात आलं नाही. दादाला फक्त शब्द ऐकू आले. एके दिवशी आबा पुढं सरकल्यावर तो दात आवळून मला म्हणाला, "नाव इसरला, गाव इसरला, पोरगी इसरला. येवढं मातर न्हाई इसरला बघ म्हातारा. ह्येच जपून ठिवलंय."

आई पडवीतून सगळं ऐकत होती. कुबडी टेकत बाहेर आली. "संपत, तेवढं ऱ्हाऊ दे रं."

"का?"

"आसू दे. त्यांच्या हाताला सवय हाय."

"त्यांना हाय सवय. मला न्हाई."

"गाडी त्यांची हाय."

"आन त्वांड माझं हाय, आई. गाव हसलंय त्याच्यावर."

 आई कुबडी टेकत आत गेली.

त्यानं सगळ्यात जास्त जीव त्या मडगार्डवर लावला. आतून लोखंडी ठोकळा धरायचा, बाहेरून हलक्या हातानं हातोडी. टक, टक, टक. पत्रा रुसलेल्या माणसासारखा इंचाइंचानं वर येत होता. मग पुट्टी, मग पाण्याचा पेपर, मग पुन्हा पुट्टी. रंगही त्यानं मधल्या थराचा निवडला, निळा, कारण आबांची उमेदीची वर्षं त्या निळ्यात गेली होती. उतरवलेल्या रंगाचा कपचा घेऊन तो नगरला जाऊन आला आणि तसाच रंग मिळवून आणला. ज्या दिवशी शेवटचा हात सुकला त्या दिवशी त्यानं मला बोलावलं. "डोळं मीट. आता हात फिरव आन सांग, पोचा कुठं हुता."

मी डोळे मिटून हात फिरवला. गार, गुळगुळीत, इथून तिथवर एकसारखं.

"नाही सापडत," मी म्हणाले.

लहानपणी पतंग काटल्यावर हसायचा तसा तो हसला.

संक्रांतीच्या आसपास आम्ही गाडी बाहेर काढली. अर्धं गाव अंगणात जमलं होतं. बॉनेटला झेंडूचा हार, पुढं नारळ. आईनं आबांना धुतलेलं धोतर नेसवलं, टोपी घातली, आणि मी आक्का होऊन त्यांचा हात धरून त्यांना बाहेर आणलं. कोवळ्या उन्हात गाडी अशी दिसत होती की क्षणभर मलाच वाटलं, आबा आता तरुण होऊन हिच्यात चढून बसतील.

आबांनी हात पुढं केला. बॉनेटवरून, दारावरून, मागच्या फळीवरून त्यांचा तळवा फिरत गेला. दादा स्टिअरिंगपाशी उभा होता, हातात किल्ली. वेढा पुरा करत आबा डाव्या मडगार्डापाशी आले. हात थांबला. मागं गेला, पुन्हा पुढं आला. खाली वाकून त्यांनी नखानं पत्रा वाजवून बघितला. पुन्हा हात फिरवला, जसा आंधळा माणूस ओळखीच्या घरात नसलेली भिंत चाचपतो तसा. मग ते सरळ उभे राहिले आणि दादाकडे बघून अदबीनं म्हणाले, "गाडी झ्याक हाय, पाव्हणं. कुठून आनली?"

दोघं-चौघं हसले.

"आबा, आपलीच हाय की," दादा म्हणाला. "तुमचीच गाडी हाय."

"छ्या! आमच्या गाडीला हितं पोचा हाय. पोरानं केल्याला." आबांचा चेहरा उजळला. परक्या माणसाशी बोलताना ते नेहमीच मोकळे व्हायचे. "तुमाला सांगतो पाव्हणं, पोरगं लई गुनी. इवलंसं हुतं. गाडी हौदावर गेली, पर त्येनं ती उलथू दिली न्हाई. आतल्या पोरांला आधी बाहीर काढलं, एकाला खरचटाय दिलं न्हाई, आन मंग सोता उतारला. कपाळ फुटलेलं, पर उतारला शेवटाला. तवाच म्हनलं, ह्येला किल्ली द्यायची न्हाई. ह्यो हात डायवरकीत घालवायचा न्हाई. किल्ली दिली आसती तर ऱ्हायलं आसतं हितंच, माझ्यावानी, बाजाराच्या खेपा करत."

माणसं दादाकडे बघायला लागली.

"आन पोचा काढला न्हाई," आबा म्हणाले. "कशाला काढायचा? कुनी इचारलं म्हंजी पोराचं सांगाया येतं."

दादाच्या कपाळावर भुवईच्या वर एक जुनी खूण आहे. ती आबांच्या डोळ्यांपुढं हातभर अंतरावर होती. त्यांनी त्याच्याकडे बघितलं आणि ओळख नसलेल्या माणसाकडे बघून हसतात तसे हसले. "तुमची भेट घालून देतो कधी. आला म्हंजी."

भाऊसाहेबांनी न राहवून नारळ फोडला. पाणी चाकावर उडालं. माणसं प्रसादाचे तुकडे घेऊन खाली माना घालून पांगली.

नंतरचे दिवस सांगायलाही कडू आहेत. आबा गाडी शोधायला लागले. सकाळी उठून छपराखाली जायचे, निळ्या गाडीला वळसा घालून पलीकडे बघायचे, परत यायचे. "अगं ये, गाडी कुनी नेली का?" आई म्हणायची, "हितंच हाय की." ते म्हणायचे, "ती त्या पाव्हण्यांची हाय." एकदा दुपारी घरात दिसेनात म्हणून मी शोधायला गेले तर गोठ्यामागं फेकलेल्या त्या चालकाच्या सीटवर बसलेले. फाटक्या काथ्यात नीट टेकून, पाय पुढं घेऊन. मला बघून म्हणाले, "बस आक्का. नगरला जायाचं ना?" मी शेजारी मातीत बसले. रान उन्हात गप्प होतं. आम्ही दोघं कितीतरी वेळ नगरला जात राहिलो.

परतताना बघितलं, दादा गोठ्याच्या कोपऱ्याशी उभा होता. कधीपासून कोण जाणे.

तो तसाच वळून छपराखाली गेला. मी पोहोचेपर्यंत त्यानं मोठी हातोडी उचलली होती आणि डाव्या मडगार्डवर घातली होती. एकदा, दोनदा. निळ्या रंगाचा कपचा उडून माझ्या पायाशी पडला. आवाज ऐकून आई उंबऱ्यात आली. आबाही काठी टेकत आले. दादानं हातोडी टाकली, आबांचा हात धरला आणि त्या नव्या खड्ड्यावर नेऊन ठेवला. "ह्यो बघा आबा पोचा. ह्यो बघा. आता तरी वळखा."

आबांनी हात फिरवला. पत्र्याची धार बोटाला लागली तसा मागं घेतला. मग दादाच्या पाठीवर हात ठेवून हलकेच म्हणाले, "राग गाडीवर काढू ने, पाव्हणं. कुनीतरी लई जीव लावून रंगवली हाय."

आई उंबऱ्यातच बसली. तिनं पदर तोंडावर घेतला.

आता दादाचं सुप्याजवळ वर्कशॉप आहे. त्या निळ्या जीपमुळेच ते उभं राहिलं. हाणलेला मडगार्ड त्यानं पुन्हा सरळ केला, पुन्हा रंगवला. गाडी तशी ठेवून चाललं नसतं. रस्त्यानं जाणाऱ्यांनी ती बघितली, कुणी फोटो काढला, कुणी आपल्या आजोबांची गाडी घेऊन आला. आता लांबून लांबून माणसं येतात. जुन्या जीपा, जुन्या मोटारी, एखादी बुलेट. लग्नसराईत आमची जीप नवरदेवाला मिरवायला जाते. दादा स्वतः चालवत नाही, गड्याला पाठवतो. एक मुलाखत घेणारा पोरगा मोबाईल घेऊन आला होता. त्यानं विचारलं, "काका, सुरुवात कशी झाली?" दादा म्हणाला, "वडलांच्या गाडीपासून." "मग वडिलांना किती आनंद झाला असेल!" दादानं त्याला चहा सांगितला.

मी हे सगळं गोड करून सांगू शकले असते. माणसं सांगतातच की, त्यांचा आशीर्वाद होता, त्यांना आत कुठंतरी कळलं असेल. आमच्या भावकीतल्या बायका आईला अजूनही तसं समजावतात. आई ऐकून घेते. मला ते जमत नाही. दादानं जे केलं ते प्रेमानंच केलं, त्यात तिळमात्र खोट नव्हती, आणि तरीही त्यानं आबांकडे शेवटचं जे त्याचं म्हणून उरलं होतं ते आपल्या हातानं, इतक्या सफाईनं, घासून काढलं. प्रेम असलं की हात चुकत नाही, असं आपल्याला कुणी सांगितलं होतं?

आबा होळी यायच्या आधी गेले. ज्वारी काढून झाली होती, रानात नुसते सड उभे होते आणि वाऱ्याला अडवायला काही नव्हतं. छातीत कफ झाला, जेवण तुटलं. खाट आम्ही पडवीतून आतल्या खोलीत घेतली. दादानं त्या दिवसांत गाडीकडे बघितलंसुद्धा नाही. आबांचं अंग पुसायचा, कूस बदलायचा. आबा त्याला म्हणायचे, "तुमाला तरास व्हतोय." एकदा पाय दाबायला बसला तर त्यांनी पाय लाजून आखडून घेतले. "तुमी कशाला पाय दाबता, पाव्हणं? शोभत न्हाई."

त्या दिवशी सकाळपासून त्यांनी एकच लावलं होतं. "संप्याला बलवा. संप्याला फोन लावा."

"आबा, मीच की संप्या," दादा म्हणाला. किती वेळा म्हणाला असेल. आबा त्याच्याकडे बघायचे, मग माझ्याकडे. "आक्का, तू लाव गं फोन. ह्यांना म्हाईत न्हाई नंबर."

दादा उठला. खिशातला मोबाईल घेऊन अंगणात गेला. मला वाटलं, त्याला सहन होईना म्हणून गेला. इतक्यात माझा फोन वाजला. पडद्यावर 'दादा' असं नाव. मला कळायला थोडा वेळ लागला. मग मी तो उचलून आबांच्या कानाशी धरला.

"आबा, संपत बोलतोय."

मी त्या चेहऱ्यावर इतका उजेड त्याआधी कित्येक महिने बघितला नव्हता. आबा उठून बसायला बघत होते. "संप्या! कुठं हायस रं?"

"हितं... पुन्यात."

"जेवला का?"

"जेवलो."

"कामावर नीट हाय ना समदं?"

"हाय, आबा. नीट हाय."

"आपली गाडी गेली रं. कुनी नेली काय म्हाईत."

फोनमधून काही आवाज आला नाही. भिंतीपलीकडून, अंगणातून, नाक ओढल्याचा आला. आई देव्हाऱ्याकडे तोंड करून बसली होती. तिनं डोळे मिटून घेतले.

"गाडीचं जाऊ द्या, आबा," दादा म्हणाला. "तुमी बरं व्हा."

"तू ये. तुला येक सांगायचं हाय."

"सांगा की. ऐकतोय."

"फोनवर न्हाई." आबांना धाप लागली होती, पण आवाज ठाम होता. "समोर आला म्हंजी सांगतो."

मग दादा म्हणाला, "येतो, आबा. निघालोच."

आबांनी मान हलवली आणि फोन माझ्या हातात दिला. उशीवर डोकं टेकलं. थोड्या वेळानं दारात सावली पडली. दादा तोंड धुऊन, बाहीला पुसत आत आला. आबांनी त्याला बघितलं आणि हातानं खाटेशेजारची जागा दाखवली.

"या, बसा पाव्हणं. पोरगा निघालाय आमचा."

दादा बसला. आबा त्याच्या खांद्यावरून दाराकडे बघत राहिले.